शून्य वेळा की एक वेळा

"तीन मीटर वीस सेंटिमीटर," मी म्हणाले.

मिश्राजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किस तरफ?"

"उत्तरेकडे."

बोगद्याची रुंदी अडीच मीटर होती. पूर्वेकडून खणत येणारे लोक आणि पश्चिमेकडून खणत येणारे लोक तीन मीटर वीस सेंटिमीटरनं चुकले, तर ते एकमेकांना भेटणारच नव्हते. भिंतीपलीकडून सुरुंगाचे आवाज ऐकू आले असते आणि दोन्ही तुकड्या एकमेकींच्या शेजारून पुढे निघून गेल्या असत्या.

मधे फक्त साठ मीटर डोंगर शिल्लक होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बालाघाटातल्या एका छोट्या सर्वे फर्ममध्ये प्रोग्रॅमर होते. फर्म म्हणजे मालक मिश्राजी, तीन सर्वेयर, एक ड्राफ्ट्समन आणि मी. लालबर्ऱ्याहून आत जंगलाकडे एका टेकडीतून कालव्याचं पाणी पलीकडच्या धानाच्या शेतांकडे न्यायचं होतं. त्या बोगद्याची लाइन आखून द्यायचं काम आमच्याकडे होतं. खणणारे दुसरे, लाइन आमची. चुकली तर नाव आमचंच.

डोंगराच्या पोटातून आरपार दिसत नाही. म्हणून सर्वेयर एका तोंडापासून निघतो आणि डोंगराला बाहेरून वळसा घालत दुसऱ्या तोंडापर्यंत जातो. वाटेत खुंट्या ठोकतो, खुंटीपासून खुंटीपर्यंत टेप ताणतो, कोन घेतो. याला ट्रॅव्हर्स म्हणतात. शेवटी सगळ्या अंतरांचा आणि कोनांचा हिशेब करून दोन तोंडं एकमेकांपासून नेमकी कुठे आहेत ते काढायचं. त्यात एक भानगड असते. टेप उतारावर ताणली की अंतर जास्त भरतं. नकाशाला आडवं अंतर लागतं. म्हणून उताराचा कोन बघून थोडी वजावट करावी लागते.

हा सगळा हिशेब आधी नागपूरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर व्हायचा. आम्ही आकडे कार्डांवर पंच करून खोका बसनं पाठवायचो. तीन दिवसांनी प्रिंटआउट परत यायचा. प्रोग्रॅम फोरट्रान भाषेत होता. तो लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे निघून गेला होता. प्रोग्रॅम चालत होता, म्हणून कोणी त्याला हात लावत नव्हतं.

त्या वर्षी मिश्राजींनी ऑफिसात स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. मी जुना प्रोग्रॅम त्यात टाइप केला. सराव म्हणून बोगद्याचेच जुने आकडे घातले. उत्तर नागपूरसारखंच येईल अशी खात्री होती. ते तीन मीटर वीसनं वेगळं आलं.

पहिला संशय माझ्यावर. तो रास्तच होता. मी आणि ड्राफ्ट्समन दोघांनी मिळून एकेक ओळ ताडून पाहिली. तो कार्डांची यादी मोठ्यानं वाचायचा, मी स्क्रीनवर बोट ठेवायची. दीड दिवस गेला. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नव्हता.

मग नागपूरला ट्रंक कॉल लावला आणि तोच खोका पुन्हा चालवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तिथल्या ऑपरेटरनं उत्तर वाचून दाखवलं. तेच जुनं.

म्हणजे प्रोग्रॅम एक, आकडे एक, आणि उत्तरं दोन.

मिश्राजींनी निर्णय पटकन घेतला. "नया मशीन है, नई टेक्नॉलॉजी है। गलती पुराने में ही होगी।" त्यांनी लांजेवारांना बोलावून घेतलं.

गणपतराव लांजेवार आमचे सर्वात जुने सर्वेयर. मूळ भंडाऱ्याकडचे, तीन पिढ्या बालाघाट जिल्ह्यात. टेकडीचा ट्रॅव्हर्स त्यांचाच. बोगद्यातली लाइनही त्यांनीच नागपूरच्या उत्तरावरून आखलेली. ते आले, टोपी काढून खुर्चीच्या कडेला बसले आणि मिश्राजींचं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं. नव्या उत्तराप्रमाणे पश्चिमेकडची लाइन वळवायची, आणि वळवलेल्या लाइनच्या कागदावर सही करायची, असं ते बोलणं होतं.

"नाही करत," लांजेवार म्हणाले.

"क्यों?"

"माही लाइन सरळ हाय, साहेब. थे टेकडी मी पायानं मोजली हाय. काल आलेल्या डब्यानं सांगतलं म्हून मी वाकडं काहून करू?"

मिश्राजी वाईट माणूस नव्हते, पण घाबरले होते. शुक्रवारपर्यंत लाइन वळवली नाही तर काम दुसऱ्या सर्वेयरकडे देईन, कोन मोजायचा थिओडोलाइट जमा करा, असं ते बोलून गेले. लांजेवारांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. ते उठले, टोपी घातली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले.

"बाई, तुमाले काय वाटते?"

"मला अजून माहीत नाही, काका."

"हौ. मंग पाहा."

ते गेले. मंगळवार होता.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. मी गणितात एम.एस्सी. केलं ते नागपूरला. शेवटच्या वर्षी आम्हाला एक ऐच्छिक विषय होता. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा अर्थ गणितानं कसा ठरवायचा, असा तो विषय. सुरुवातीला वर्गात दहाजण होतो, दिवाळीनंतर तिघं उरलो. सर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "प्रोग्रॅमचा अर्थ म्हणजे काय?" आम्ही म्हणालो, तो चालवल्यावर जे होतं ते. सर म्हणाले, "कुठल्या मशीनवर चालवल्यावर?" आम्हाला तो उगाच घातलेला खोडा वाटला होता.

सरांनी तीन रस्ते शिकवले. पहिला म्हणजे कागदावर एक काल्पनिक मशीन मानायचं आणि भाषेतल्या प्रत्येक वाक्यानं ते एकेक पाऊल कसं टाकेल ते नियमांनी लिहायचं. दुसऱ्या रस्त्यात पावलं सोडून द्यायची. प्रोग्रॅम म्हणजे गणितातलं फलन मानायचं, आत ही संख्या गेली की बाहेर ती संख्या. आणि जिथे उत्तरच नाही तिथे उलटा टी काढायचा. त्याला ते 'तळ' म्हणत. तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडला होता. प्रत्येक ओळीच्या आधी काय खरं आहे ते लिहायचं, आणि त्यावरून ओळीनंतर काय खरं असेल ते सिद्ध करायचं. वरपासून खालपर्यंत साखळी जुळली, की प्रोग्रॅम बरोबर. मशीन चालू करायचीही गरज नाही.

परीक्षा झाली, नोकरी लागली, आणि त्या वहीला चार वर्षांत मी हात लावला नव्हता. प्रोग्रॅम चालवायचा, चुकला तर दुरुस्त करायचा, पुन्हा चालवायचा. सगळे तेच करत. पण इथे दोन मशीनं दोन उत्तरं देत होती. चालवून कोडं सुटणार नव्हतं.

मी प्रोग्रॅमचा लांब प्रिंटआउट टेबलावर पसरला आणि पेन्सिल घेतली. पहिल्या ओळीशेजारी लिहिलं, इथे अमुक खरं आहे. दुसरीशेजारी, म्हणून इथे तमुक खरं आहे. मिश्राजी मधूनच येऊन बघून जायचे.

"मैडम, मशीन बंद क्यों है?"

"मी वाचतेय, सर."

"इतना महँगा मशीन लिया और आप पेन्सिल से काम कर रही हैं।"

बुधवारी दुपारी साखळी तुटली. जागा उताराच्या वजावटीचीच होती. तिथे फोरट्रानचं डू नावाचं वाक्य होतं. डूचा अर्थ साधा आहे. खालच्या ओळी एकपासून एनपर्यंत मोजत तितक्या वेळा कर. एखादं अंतर टेपनं तीन तुकड्यांत मोजलं असेल, तर एन म्हणजे तीन, आणि तीन वेळा वजावट. मी पेन्सिलीनं लिहीत गेले, आणि एका ठिकाणी मला लिहावं लागलं: 'हे खरं आहे, जर एन एक किंवा जास्त असेल तर.' ती अट मला पुढच्या कुठल्याही ओळीत काढून टाकता येईना.

आणि एन शून्य असेल तर?

मी लांजेवारांचं फील्डबुक, म्हणजे मोजमापांची वही, उघडलं. त्यात 'तुकडे' असा एक रकाना होता. पान उलटत गेले. दोन, तीन, दोन, चार. मग टेकडीच्या पश्चिम अंगाला, वळून उत्तरेकडे जाणाऱ्या भागात, शून्य. पुन्हा शून्य. मोजले तर अकरा शून्यं. त्या अकरा ठिकाणची वजावट मी कॅल्क्युलेटरवर काढली. प्रत्येकी साधारण एकोणतीस सेंटिमीटर. अकरा एकोणतीस किती होतात ते मी दोनदा करून बघितलं.

तीन मीटर एकोणीस.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण दोन मशीनं कुठे वेगळी वागली ते कळलं होतं, पण खरं कुणाचं ते कळलं नव्हतं.

दोन्ही मशीनांची मॅन्युअल्स कपाटात होती. नव्याचं मॅन्युअल स्पष्ट होतं. आधी मोजा, मग करा. एन शून्य असेल तर डू शून्य वेळा करतो. जुन्या मॅन्युअलमध्ये एवढंच होतं की शेवटचा आकडा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा लहान असू नये. असला तर काय होईल, त्याबद्दल एक अक्षर नाही. उत्तरांवरून दिसत होतं की जुनं मशीन आधी काम करायचं आणि मग मोजायचं, एवढंच. एखादा वाढपी आधी पानात वाढतो आणि मग हवं का विचारतो, तसं. त्यामुळे शून्य सांगितलं तरी वजावट एकदा होऊन जायची.

म्हणजे जुन्या भाषेत त्या प्रोग्रॅमला त्या अकरा ठिकाणी अर्थच नव्हता. मी समासात उलटा टी काढला.

मिश्राजींनी त्यावर बोट ठेवलं. "ये क्या है? टी उल्टा क्यों?"

"इथे प्रोग्रॅम काहीच म्हणत नाही, सर."

"तो पुराना मशीन गलत था?"

"नाही."

"नया गलत है?"

"तेही नाही. नवं त्याच्या नियमानं बरोबर चाललंय. जुन्याला तर तिथे नियमच नव्हता. जे त्याच्या पोटात होतं ते त्यानं केलं."

मिश्राजी खुर्चीत टेकले. "मैडम, मुझे परसों लाइन देनी है। दोनों सही हैं तो सुरंग किधर जाएगी?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर प्रोग्रॅममध्ये नव्हतं. मॅन्युअलमध्येही नव्हतं. ते शून्य ज्यानं लिहिलं होतं, त्यालाच विचारायला हवं होतं. गुरुवारी सकाळी मी मिश्राजींना जीपमध्ये बसवलं. खरं तर त्यांनी मला बसवलं, पण आग्रह माझा होता.

लांजेवार पूर्वेच्या तोंडाशी सागाच्या सावलीत बसून डबा खात होते. आम्हाला बघून उठायला लागले. मिश्राजींनी हातानं बसा म्हटलं. मी फील्डबुक त्यांच्यापुढे उघडलं.

"काका, हे शून्य म्हणजे काय?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की शिकलेल्या मुलीनं हे विचारावं याचं त्यांना वाईट वाटलं असावं. "म्हणजे तुकडे नाहीत."

"तुकडे नाहीत म्हणजे टेप लावलीच नाही?"

"लावली ना बाई. लावल्याबगर अंतर कुठून लिवलं? हे पाहा." त्यांनी बोट धुऊन पंच्याला पुसलं आणि पानावर ठेवलं. "इकडच्या अंगाले बांबू हाय, गोटे हाय. सरळ टेप बसत नाही. म्हून तुकडे केले. दोन, तीन, जसं जमलं तसं. तिकडच्या अंगाले मोकळं गवत हाय. एका ताणात टेप बसली. तुकडा केलाच नाही, त मी एक काहून लिवू? तुकडे शून्य."

"आणि उतार?"

"उतार मोजला. थ्या बाजूच्या रकान्यात हाय."

होता. अकराही ठिकाणी उताराचा कोन नीट लिहिलेला होता. आठ अंश, साडेसात, आठ. माणसानं कोन मोजला होता, म्हणजे त्याला वजावट हवी होती. एका ताणाला एकच वजावट. त्यांच्या शून्याचा अर्थ 'एकदा' असा होता.

मी मिश्राजींना म्हटलं, "सर, लाइन सरळ आहे. नागपूरचं उत्तर बरोबर आहे."

"मतलब पुराना मशीन सही था।"

"नाही सर. त्याचं नशीब चांगलं होतं."

लांजेवारांनी डबा बंद केला. "मले एक सांगा. मी इतके वर्षं शून्य लिवून राह्यलो. कोणीच काहून नाही पुसलं?"

मिश्राजींनी फील्डबुक माझ्या हातातून घेतलं आणि ती पानं स्वतः पुन्हा उलटून पाहिली.

ऑफिसात परतल्यावर मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. तुकडे शून्य असतील तर एक धर. मग तो भाग पुन्हा पेन्सिलीनं सिद्ध केला. या वेळी ती अट लटकत राहिली नाही. नव्या मशीनवर चालवलं. उत्तर नागपूरच्या उत्तराशी शेवटच्या दोन दशांश स्थळांचा फरक सोडला तर तंतोतंत जुळलं. मिश्राजींनी सिद्धतेचे माझे चार कागद मागून घेतले आणि सावकाश वाचले. त्यातलं त्यांना किती समजलं माहीत नाही. पण मधे दोन ठिकाणी त्यांनी थांबून प्रश्न विचारले आणि दोन्ही प्रश्न नेमके होते. मग त्यांनी खाली लिहिलं, 'लाइन नहीं बदलेगी', आणि सही केली. माझीही सही घेतली.

त्या सहीपर्यंत मला मजा वाटत होती. सहीनंतर वाटेनाशी झाली. कागदावरची सिद्धता कागदावर बरोबर असते. पण लांजेवारांनी एखादा कोन चुकीचा वाचला असेल तर? मी एखादी ओळ गृहीत धरली असेल तर? दोन्ही तोंडांशी मिळून चाळीसेक माणसं रोज सकाळी आत जात होती, आणि ती आता माझ्या सहीच्या दिशेनं खणत होती. मी रोज दहा वाजता साइटवरचा निरोप आला का ते विचारायची. घरी आईनं विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, बरी आहे.

तीन आठवडे गेले. शेवटचे काही मीटर राहिले तसा सुरुंग थांबवून नुसतं ड्रिल चालवायला सुरुवात केली. एका दुपारी तीन वाजता फोन आला, या म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा लांजेवार आतच होते. ड्रिल पश्चिमेकडून आरपार आलं होतं. मनगटाएवढं भोक आणि त्यातून येणारा वारा. मी त्यावर तळहात धरला. वारा गार होता आणि त्याला बिडीचा वास होता. पलीकडे कोणीतरी ओढत होतं.

लांजेवारांनी ओळंबा सोडला, टेप लावली, वाकून पाहिलं.

"किती?" मी विचारलं.

"चार बोटं."

"कुठल्या बाजूला?"

"दक्षिणेले." ते माझ्याकडे वळले. "थे मात्र माह्याकडूनच असंन. कोनात गेलं."

चार बोटं म्हणजे काहीच नव्हे. बोगद्याच्या कामात तेवढ्याला कोणी चूक म्हणत नाही. मिश्राजींनी तिथेच लांजेवारांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर आल्यावर मिश्राजी कंत्राटदाराच्या माणसाला सांगत होते, "हमारे ऑफिस के नए कम्प्यूटर ने पकड़ा।" मी ते ऐकलं आणि चहा घ्यायला गेले.

लांजेवार दीड वर्षानं ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले, थिओडोलाइट स्वतःच्या हातानं जमा करून. फील्डबुकातला तो रकाना आम्ही बदलला. आता 'टेप किती वेळा ताणली' असं लिहायचं होतं. लांजेवार शेवटपर्यंत त्यात शून्यच लिहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी प्रोग्रॅममधली ती ओळ तशीच ठेवली, आणि एन शून्य आला की स्क्रीनवर एक प्रश्न यायचा, तुम्हाला एकदा म्हणायचं आहे का? मिश्राजींना त्याचा वैताग यायचा. काढून टाका म्हणायचे. मी काढला नाही.

पुढे मी तीसएक वर्षं हेच काम केलं. मशीनं बदलली, भाषा बदलल्या, पेन्सिल राहिली. नव्या मुलांना मी एवढंच सांगते. भाषेनं जिथे काही ठरवलेलं नसतं, तिथे मशीन अडून बसत नाही. ते उत्तर देतं, आणि चार दशांश स्थळांपर्यंत देतं.